समुद्रपातळीतील वाढ
समुद्राच्या सरासरी पातळीत दीर्घकाळात होणारी वाढ. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, ही पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती.

आजच्या वाढीची मुख्य कारणे दोन : तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्राला मिळतो. तरंगत्या बर्फाने पातळी जवळपास वाढत नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यातला बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही, हे घरीही पाहता येते. खरी चिंता आहे ती ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरच्या बर्फाची.

१९०१ ते २०१८ या काळात जागतिक पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली आणि चढण्याचा वेगही वाढतो आहे. अशी वाढ भरती-ओहोटीच्या दीर्घकालीन नोंदींवरून कळते; मुंबईत अपोलो बंदरावर अशा नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. हिंदी महासागरातील सर्वांत जुन्या नोंदींत त्यांची गणना होते.