सवाई माधवरावांचे छापील चित्र

इ. स. १८०७ मध्ये विलायतेत एक मोठे छापील चित्र प्रसिद्ध झाले. शनिवारवाड्यात दरबार भरला आहे, पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट तहाचा कागद पेशव्यांच्या हाती देत आहे, आणि गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव बसले आहेत. टिपूविरुद्ध १ जून १७९० रोजी जो तह ठरला, त्याचा हा प्रसंग होय. चित्र निघाले तेव्हा त्या तरुण पेशव्यास जाऊन बारा वर्षे लोटली होती.

जन्मण्यापूर्वीच राज्याचा वारस ठरलेला हा मुलगा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांस पुरंदरावर नेऊन ठेवले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. नागपूरकरांस ही कथा परकी वाटावयाची नाही. जानोजी भोसल्यांच्या मागे दत्तक रघूजीच्या नावाने जनक पिता मुधोजी व चुलता साबाजी झगडले, आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी पडला. वारस अल्पवयी असला म्हणजे तलवारी वडीलधाऱ्यांच्या, नाव मात्र मुलाचे!

चित्र छापण्याची रीत मोठी कष्टाची. तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सर्वत्र खरबरीत करावयाचा. तो तसाच छापला तर कागदावर मखमलीसारखा काळा रंग उमटतो. मग जेथे उजेड हवा तेथे पत्रा खरवडून गुळगुळीत करीत जावयाचे. चार्ल्स टर्नर या कसबी कोरक्याने हे काम केले.

पण चित्र खरे किती मानावे? ज्याच्या रेखाटनांवरून ते तयार झाले तो जेम्स वेल्स मुंबईस उतरला १७९१ मध्ये, म्हणजे तहानंतर. पुण्यास आला १७९२ मध्ये. तेव्हा प्रसंग सोळाव्या वर्षाचा आणि चेहरा अठराव्या वर्षाचा, असा हा मेळ आहे. १७९५ मध्ये वेल्स वारला. मॅलेटसाठी ते चित्र टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केले. दोघांपैकी एकानेही तो दरबार डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. कोण कोठे बसला होता याचा पुरावा म्हणून हे चित्र पुढे करणे धोक्याचे आहे. शिवाय ते काढविले मॅलेटने; त्यात त्याचा मान मोठा दिसावा हे स्वाभाविकच. चेहऱ्यांची गोष्ट निराळी. वेल्सने तरुण पेशवा व नाना फडणीस यांस प्रत्यक्ष पाहून रंगविले होते. सुरूच्या आकाराचे ते खांब आणि गणपतीची ती मोठी मूर्ती यांसाठीही चित्र मोलाचे आहे. वाड्यातील त्या इमारती १८२८ च्या आगीत भस्म झाल्या.

त्या दरबारापाशी छापखाना नव्हता, परंतु पुण्यात तांबट होते. वेल्सच्या हाताखाली तयार झालेला गंगाराम तांबट उत्तम चित्रे काढी. नानांच्या मनात गीता छापण्याचे होते असे सांगतात. ती त्यांच्या पश्चात मिरजेस १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. तो अपघात की जिवाचा त्रागा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. त्यांस संतान नव्हते. नारायणरावांच्या खुनाचा ठपका ज्या रघुनाथरावांवर होता, त्यांचाच मुलगा बाजीराव १७९६ मध्ये त्या गादीवर येऊन बसला.