यजमान

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याची फेरीबोट अजून लागायची होती. शेजारच्या आजी नातवाच्या पोटावरून हात फिरवत म्हणाल्या, "रात्रभर दात खातो हो. जंत झालेत." त्या दिवशी १० फेब्रुवारी, जंतनाशक दिन. अंगणवाडीत त्याला गोळी मिळाली होती. आजींच्या आईने बहुधा वावडिंग उगाळले असते.

जंत म्हणजे मूळचा जंतू, 'जन्' धातूतला. जन्माला येईल तो प्रत्येक जीव. बोलीने त्याला घासून जंत केले आणि पोटापुरते ठेवले. कृमी मात्र फिरस्ता. फारसीत त्याचा भाऊबंद किर्म. तांबडा रंग देणाऱ्या किड्यावरून अरबीत किर्मिझ झाला आणि आपल्याकडे आला तो किरमिजी होऊन. लुगड्याच्या त्या रंगात किडा आहे, हे कळल्यापासून मी तो शब्द जपून उच्चारतो.

पण माझे मन अडकले ते यजमान या शब्दापाशी. कृमी ज्याच्या शरीरात राहतो त्याला आपली शास्त्रीय मराठी यजमान म्हणते. 'यज्' धातूचे हे आत्मनेपदी रूप. ऋत्विज आहुती देतो, ती दुसऱ्यासाठी. यज्ञाचे फळ ज्याला मिळायचे तो यजमान. शिधा त्याचा, दक्षिणाही त्याचीच. पुढे घरधनी, नवरा, पाहुणचार करणारा, सगळेच यजमान झाले. ग्रीकांनी याच नात्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. त्यांचा परासितोस म्हणजे अन्नाशेजारी बसणारा, आपल्या भाषेत शेजारच्या पाटावरचा. एके काळी देवळातल्या पंगतीचा तो मानकरी होता. फुकटखाऊ हा अर्थ मागाहून चिकटला.

शिधा यजमानाचा, हे जनुकांतही लिहिलेले आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी दिघीच्या दक्षिणेला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात, लघवीतून रक्त पाडणारा शिस्टोसोमा कृमी असल्याचे दाखवले. गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या गोगलगायीच्या अंगात तो वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. यजमान दोन, आणि दोघांकडेही जावेच लागते. याच कुळातल्या दोन कृमींचे जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की मेदाम्ले मुळापासून घडवण्याची सोयच त्यांच्यात उरलेली नाही. ती रक्तातून आयती मिळतात. पट्टकृमीने तर आतडेच सोडून दिले; तो अंगानेच जेवतो. ज्या घरात रोज वाढलेले ताट समोर येते, तिथे चूल कोण मांडील?

सोडले तसे मिळवलेही. २०१९ मध्ये ८१ जातींच्या कृमींचे जनुकसंच शेजारीशेजारी मांडून पाहिले गेले. यजमानाच्या प्रतिकारशक्तीला शांत ठेवणाऱ्या प्रथिनांची कितीतरी कुळे त्यांत विस्तारलेली आढळली. वर्षानुवर्षे मुक्काम करायचा तर घरधन्याला चिडवून चालत नाही.

हत्तीरोगाच्या एका कृमीची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. ब्रुगिया मलायी त्याचे नाव. जनुकसंच २००७ चा. त्याच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. हीम हा रक्तातला लोहाचा घटक घडवणारी बहुतेक जनुके कृमीकडे नाहीत, जिवाणूकडे आहेत. डॉक्सिसायक्लिन देऊन जिवाणू मारले की मादीला पिल्ले होत नाहीत. माणसाच्या घरचा पाहुणा स्वतःही यजमान आहे, आणि त्याच्या घरी शिधा पाहुण्याने आणलेला असतो.