विद्यार्थ्यांचा मारधाड लघुपट : निर्मिती आणि मूल्यमापन

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड हे जालना-मेहकर रस्त्यावरील गाव. येथील विद्यार्थ्याला लघुपट करावयाचा झाल्यास कॅमेरा भाड्याने आणण्यासाठी जालना वा छत्रपती संभाजीनगर गाठण्याची गरज आता उरलेली नाही. चित्रीकरण, संकलन आणि ध्वनिमुद्रण ही तिन्ही कामे खिशातील मोबाईलवर होऊ शकतात. साहजिकच महाविद्यालयीन प्रकल्प, स्नेहसंमेलन किंवा स्पर्धेच्या निमित्ताने लघुपट करणाऱ्यांची ओढ सर्वप्रथम मारधाडपटाकडे असते. पाठलाग, हाणामारी, उडी आणि शेवटी खलनायकाचा पाडाव. हा प्रकार वरवर सोपा वाटत असला, तरी चित्रपटकलेतील सर्वाधिक शिस्तीचा आणि सर्वाधिक जोखमीचा प्रकार तोच होय.

लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाची छोटी आवृत्ती नव्हे. पाच ते दहा मिनिटांत एकच प्रसंग पूर्णत्वाला नेणे ही त्याची मर्यादा आणि तीच त्याची ताकद. मारधाडपटात ही मर्यादा अधिक जाचक ठरते, कारण कोण कोणाच्या मागे लागला आहे आणि न पोहोचल्यास त्याचे काय जाणार आहे, हे पहिल्या मिनिटात कळले नाही तर पुढील सर्व धावपळ निरर्थक होते. उदाहरणादाखल असा प्रसंग कल्पिता येईल : परीक्षेच्या दिवशी सकाळी एका विद्यार्थिनीचे प्रवेशपत्र असलेली पिशवी कोणी हिसकावून नेतो आणि तालुक्याला जाणारी एस.टी. सुटायला दहा मिनिटे उरलेली असतात. येथे बंदूक नाही, स्फोट नाही, टोळीही नाही. तरीही प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर येऊन बसेल. याउलट गॉगल घालून संथ गतीने चालत येणारा नायक हा विद्यार्थ्यांच्या लघुपटांतील जवळपास सक्तीचा पाहुणा असतो. तो का येत आहे, हे मात्र बहुधा शेवटपर्यंत समजत नाही.

मालेगावचा धडा

अपुऱ्या साधनांत मारधाडपट कसा उभा करावा, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे आहे. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन तयार केले. मूळ ‘शोले’ (१९७५) साठी परदेशी साहस तंत्रज्ञ बोलावण्यात आले होते. मालेगावात घोडेही नव्हते, म्हणून डाकू सायकलींवरून आले. नंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट केला आणि हे प्रयोग जगभर पोहोचले. २०२५ मध्ये रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ या कथापटातून हीच कहाणी पुन्हा पडद्यावर आली.

या माहितीपटातील तांत्रिक बाबी विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहाव्यात. कॅमेरा सरळ रेषेत पुढे नेण्यासाठी सायकलचा, तर वर-खाली नेण्यासाठी बैलगाडीचा उपयोग या मंडळींनी केला. उडणाऱ्या नायकासाठी एकरंगी पडदा लावून मागील दृश्य संगणकावर बदलण्याचे तंत्र वापरले. चित्रीकरण सुरू असताना कॅमेरा पाण्यात पडतो आणि सारे काम ठप्प होते, तो प्रसंगही माहितीपटात आहे. राखीव साधन नसलेल्या प्रत्येक चमूने त्यातून बोध घ्यावा. परंतु खरी महत्त्वाची बाब वेगळीच आहे. मालेगावकरांनी साधनांची उणीव झाकण्याचा प्रयत्न केला नाही. तीच त्यांनी विनोदाची आणि कथेची सामग्री बनविली. महागड्या चित्रपटाची हुबेहूब नक्कल करू पाहणारा विद्यार्थी येथेच चुकतो.

विद्यार्थीदशेतील लघुपट कोठवर जाऊ शकतो, यासाठी नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’कडे पाहता येईल. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे संज्ञापनाचे शिक्षण घेत असताना त्यांनी हा लघुपट केला आणि २०१० सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा सन्मान त्याला मिळाला. तो मारधाडपट नाही. मात्र त्याचे बळ परिचित माणसे, परिचित भूभाग आणि एका मुलाची स्पष्ट इच्छा यांत आहे, आणि मारधाडपटालाही नेमके तेच लागते.

ठोसा लागत नाही, लागल्यासारखा दिसतो

हाणामारीचे दृश्य म्हणजे भूमितीचा खेळ होय. मारणारा व मार खाणारा यांच्यामध्ये किमान हातभर अंतर असते. बाजूने पाहिल्यास हे अंतर उघडे पडते, परंतु कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवल्यास ते नाहीसे होते, कारण मूठ आणि चेहरा एकाच रेषेत येतात. मूठ चेहऱ्यासमोरून जाते त्याच क्षणी मार खाणाऱ्याने मान त्याच दिशेला झटकावयाची असते. दृश्य पटते ते या झटक्यामुळे. ठोशाच्या जोराशी त्याचा संबंध नसतो. म्हणूनच चांगला मार खाणारा नट हा चांगल्या मारणाऱ्यापेक्षा अधिक मोलाचा.

उरलेले काम संकलनात होते. हालचाल सुरू असतानाच छेद दिल्यास प्रेक्षकाचा डोळा हालचालीमागे जातो आणि जोड दिसत नाही. त्यासाठी तीच हालचाल दोन्ही कोनांतून पूर्ण चित्रित करून ठेवावी लागते. आघाताच्या आधीच्या दोन-तीन चौकटी वगळल्या तर ठोसा अधिक जलद भासतो. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास हा फरक जेमतेम एक दशांश सेकंदाचा असतो, तरीही तो जाणवतो.

पाठलागात दिशेचा नियम पाळणे आवश्यक आहे. पळणारा पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल, तर पाठलाग करणाराही त्याच दिशेने गेला पाहिजे. मध्येच कॅमेरा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस नेला, की दोघे एकमेकांवर चालून येत असल्याचा भास होतो. दिशा बदलणे अपरिहार्यच असेल तर मध्ये एक दृश्य अगदी समोरून घ्यावे किंवा वळण दाखवावे.

मोबाईलवर चित्रीकरण करताना सेटिंग स्वयंचलित न ठेवता सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवणे हितावह. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकण्याचा दोष त्यामुळे टळतो. संथ गतीसाठी सेकंदाला १२० चौकटी घेऊन त्या २५ च्या गतीने दाखविल्यास हालचाल जवळपास पाचपट संथ होते. हा अलंकार एकदाच वापरावा. मे महिन्यातील दुपारचे ऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडते, त्यामुळे सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर काम उरकणे चांगले.

ध्वनीकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात. मैदानावर मुद्रित झालेला आवाज म्हणजे बहुतांशी वारा असतो. ठोशाचा, पावलांचा, झटापटीचा आवाज नंतर शांत खोलीत वेगळा मुद्रित करावा. ज्वारीच्या अर्ध्या भरलेल्या पोत्यावर मारलेली मूठ आणि ओल्या टॉवेलचा फटका हे मिळून खणखणीत ठोसा तयार होतो. वाळलेल्या तुराट्या मोडल्या, की हाड मोडल्याचा आवाज मिळतो. ही सामग्री दुसरबीड परिसरात कोणत्याही शेतात फुकट उपलब्ध आहे. चित्रपटगीतांचे तुकडे मात्र टाळावेत, कारण स्वामित्वहक्काच्या दाव्यामुळे लघुपट यूट्यूबवरून उतरविला जाऊ शकतो.

सुरक्षितता

‘कुली’च्या चित्रीकरणाच्या वेळी जुलै १९८२ मध्ये बंगळूर येथे अमिताभ बच्चन यांना झालेली गंभीर दुखापत सर्वश्रुत आहे. ठोसा आणि उडी यांची वेळ किंचित चुकली, एवढेच त्याचे कारण. १९८३ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटात तो क्षण चित्र थांबवून दाखविण्यात आला आहे. १३ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्यात मोटार उलटविण्याचे साहसदृश्य करताना एका अनुभवी साहस कलाकाराचा मृत्यू झाला. प्रशिक्षित माणसे, सराव आणि वैद्यकीय मदत हाताशी असतानाही हे घडते. विद्यार्थ्यांकडे यांपैकी काहीही नसते. जून २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सुलीभंजन येथे मोबाईलवर चित्रफीत काढली जात असताना मोटार मागे जाऊन दरीत कोसळली व एका तरुणीचा जीव गेला. तेथे तर साहसदृश्य करण्याचा इरादाही नव्हता.

दुसरबीडच्या संदर्भात समृद्धी महामार्गाचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यानंतर ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. दुसरबीडजवळून जाणारा हा रुंद, मोकळा रस्ता चित्रपटातल्यासारखा दिसतो आणि तेच त्याचे आकर्षण आहे. परंतु दुचाकीला तेथे मज्जाव आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे ३३ मीटर अंतर कापते. ‘कॅमेरा सुरू’ असे म्हणेपर्यंत ती डोक्यावर आलेली असते. याच तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात १ जुलै २०२३ रोजी खासगी बसला झालेल्या अपघातात २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला, हे या भागाला विसरता येण्यासारखे नाही. महामार्गावर, त्याच्या पुलांवर किंवा जोडरस्त्यांवर विद्यार्थ्यांचे चित्रीकरण होता कामा नये.

शिवाय त्याची गरजही नाही. सायकल ताशी दहा-बारा किलोमीटर वेगाने चालत असली, तरी कॅमेरा चाकालगत जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवला आणि मध्ये कुंपणाचे खांब किंवा तुरीची झाडे येऊ दिली तर वेग तिप्पट भासतो. पडण्याचे दृश्य भुश्याने भरलेल्या पोत्यांवर किंवा गाद्यांवर घ्यावे. कठडा नसलेली विहीर, गच्ची आणि चालते वाहन वर्ज्य समजावे. प्रत्येक झटापटीची तालीम आधी निम्म्या गतीने करावी. चमूतील एका व्यक्तीकडे केवळ ‘थांबा’ म्हणण्याचे काम असावे आणि तिचा शब्द दिग्दर्शकानेही मोडू नये. सवंगड्यांच्या उत्साहाला न बधणारी व्यक्तीच या कामासाठी निवडावी.

खेळण्यातील बंदूक किंवा तोंडाला फडके बांधलेली टोळी पाहून गावकऱ्यांचा गैरसमज होऊ शकतो, त्यासाठी हद्दीतील पोलीस ठाण्याला व ग्रामपंचायतीला आगाऊ पत्र द्यावे. धार असलेली तलवार कोणत्याही कारणाने वापरू नये. पुठ्ठा आणि चंदेरी कागद पुरेसा होतो. सिंदखेडराजा येथील ऐतिहासिक वास्तू किंवा लोणारचे अभयारण्य निवडल्यास अनुक्रमे पुरातत्त्व खात्याची व वन विभागाची लेखी परवानगी आवश्यक ठरते, हे तारीख ठरविण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

मूल्यमापन कसे करावे

लघुपट तयार झाल्यावर तो मित्रांना दाखविला जातो, टाळ्या पडतात आणि मूल्यमापन संपते. प्रत्यक्षात मित्र हे सर्वांत निरुपयोगी परीक्षक होत, कारण त्यांना कथा आधीच ठाऊक असते. ज्यांना काहीच माहीत नाही अशा पाच-सहा जणांना लघुपट एकदाच दाखवावा आणि नंतर पात्रे कोठून निघाली, कोठे वळली व कोठे पोहोचली याचा नकाशा कागदावर काढावयास सांगावे. सर्वांचे नकाशे ढोबळमानाने जुळले तर दिशेचा नियम पाळला गेला आहे. प्रत्येकाचा नकाशा निराळा असेल तर संकलनात दोष आहे, मग दृश्ये कितीही देखणी असोत. ही चाचणी बिनखर्चाची असून तिच्यापुढे सबबी चालत नाहीत.

दुसरी चाचणी आवाज बंद करून पाहण्याची. संवादावाचून गोष्ट समजत नसेल, तर मारधाड केवळ संवादांच्या मधली रिकामी जागा भरत आहे असे समजावे. तिसरी चाचणी डोळे मिटून ऐकण्याची. नामावलीची वेळही घड्याळ लावून मोजावी. पाच मिनिटांच्या लघुपटात एक मिनिट नावांना देणारे चमू थोडे नाहीत.

शिक्षकांच्या गुणदानात एक ठळक उणीव दिसते. धाडसी दृश्याला अधिक गुण मिळतात, त्यामुळे पुढील वर्षीचा चमू अधिक धोका पत्करतो. वास्तविक जे दृश्य खरोखर धोका पत्करून घेतले गेले, त्याचे गुण कमी व्हावयास हवेत, कारण ते कौशल्याचा अभाव दर्शविते. त्यासाठी लघुपटासोबत चित्रीकरणाची वही मागवावी. तीत प्रत्येक दृश्याचा आराखडा, कॅमेऱ्याची जागा, तालमीची नोंद आणि घेतलेली खबरदारी असावी. वहीवाचून आलेला लघुपट तपासूच नये, ही अट कठोर वाटली तरी योग्य आहे.

विद्यार्थ्याने स्वतः लिहावयाचे मूल्यमापन दोन पानांपेक्षा मोठे नसावे. ‘आम्ही खूप मेहनत घेतली’ या वाक्याला त्यात स्थान नाही. एखादे दृश्य घेऊन त्यातून काय साधावयाचे होते, प्रेक्षकाला काय दिसले, हा फरक कॅमेऱ्याच्या जागेमुळे पडला की संकलनामुळे की अभिनयामुळे, आणि पुन्हा संधी मिळाल्यास नेमके काय बदलता येईल, एवढेच लिहावे. वगळलेल्या दृश्यांविषयी लिहिणारा विद्यार्थी सहसा अधिक शिकलेला असतो. मूळ चित्रफिती दोन ठिकाणी साठवून ठेवाव्यात, कारण प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेनंतर फेरसंकलनाची वेळ येतेच. मुंबईत १९९० पासून दर दोन वर्षांनी भरणाऱ्या माहितीपट, लघुपट व अॅनिमेशनपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात विद्यार्थ्यांच्या कृतींनाही वाव असतो. तेथे पाठविण्याचा विचार असल्यास फेरसंकलित प्रतीला इंग्रजी उपशीर्षके जोडावी लागतात.