शेगाव

शेगाव : बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि संत गजानन महाराजांचे समाधिस्थान. लोकसंख्या सुमारे ६० हजार (२०११). मुंबई–नागपूर लोहमार्गावर भुसावळ व अकोला यांच्या दरम्यान वसलेले हे शहर पूर्वी अकोला जिल्ह्यात होते; १९०५ च्या फेररचनेत खामगाव तालुक्यासह ते बुलढाण्याकडे आले.

वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचलेली रेल्वे यांनी गावाला बाजारपेठ बनवले. सरकी वेगळी करणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले, १८८१ मध्ये नगरपालिका आली. अशा कापूसपेठा वऱ्हाडात आणखीही होत्या. शेगावला आजचे रूप आले ते श्रद्धेमुळे.

माघ वद्य सप्तमीला, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, देविदास पातूरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अगरवाल यांना दिसला. हीच गजानन महाराजांच्या प्रकटदिनाची कथा. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाच्या २१ अध्यायांमुळे ती घरोघर पोचली. त्यांतले महाराज दिगंबर आहेत, चिलीम ओढतात, सोवळेओवळे मानत नाहीत. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली. समाधी भुयारात आहे, वर राममंदिर.

कोणताही आचारनियम न पाळणाऱ्या या अवलियाच्या नावाने पुढे जे संस्थान उभे राहिले ते मात्र विलक्षण शिस्तीचे आहे. शेगाव समजून घेताना ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पत्रावळीच्या प्रसंगातून भक्तांनी अन्न हे पूर्णब्रह्म हा भाव घेतला आणि त्याचाच कारभार केला : महाप्रसाद विनामूल्य, ताटात टाकायचे नाही, परिसर स्वच्छ. पांढऱ्या वेशातले सेवेकरी आसपासच्या गावांतून पाळीपाळीने येतात. मोबदला घेत नाहीत आणि लहानथोर प्रत्येकाला ‘माउली’ म्हणून हाक मारतात. ही घडी बसवण्यात संस्थानाचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांचा वाटा मोठा. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. देवस्थानाच्या पैशाला विश्वस्ताने कसे जपावे, याचे उदाहरण म्हणून वऱ्हाडात आजही त्यांचेच नाव घेतले जाते.

श्रद्धेने वस्ती घडवल्याचे जगात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स बे ही वसाहत. १६३० मध्ये तिथे गेलेल्या प्युरिटनांनी वर्षभरातच मताचा अधिकार चर्चच्या सभासदांपुरता ठेवला. धर्माची शिस्त तिथे कायद्याच्या बळावर गावभर चालली. शेगावात मात्र नगरपालिका संस्थानाहून जुनी आहे आणि नियम लागतात ते मंदिर व भक्तनिवासांच्या आवारात. ते पाळणारेही आपखुशीने आलेले. शेगावची शिस्त टिकाऊ झाली ती यामुळेच, असे म्हणता येते.

आवाराबाहेरही संस्थानाचा हात पोचतो. १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. सातपुड्यातील आदिवासींसाठी आरोग्यसेवा चालते. खेड्यापाड्यांतील भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि ज्ञानेश्वरी, तुकाराम गाथा यांसारखे ग्रंथ दिले जातात. आषाढीला पंढरपूरला जाणारी पालखी सातशेच्या आसपास वारकऱ्यांसह महिनाभर चालते. तिच्यातील रांगा आणि एकसारखा वेश पाहायला वाटेवरची गावे रस्त्यावर उभी राहतात. विस्तीर्ण आनंदसागर उद्यानही संस्थानानेच उभारले.

या वाढीची किंमत सर्वांनी सारखी मोजलेली नाही. मंदिरालगतच्या मातंगपुरा व खळवाडी या वस्त्या हलवण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. समाधीच्या अगदी शेजारी राहिलेल्या या कुटुंबांचे स्थलांतर हाही शहराच्या इतिहासाचा भाग आहे आणि त्याची नोंद पालखीइतक्याच आस्थेने व्हायला हवी.

स्थानकावर मिळणारी शेगाव कचोरी फाळणीनंतर पंजाबकडून आलेल्या शर्मा कुटुंबाने सुरू केली. रामनवमी, ऋषिपंचमी व प्रकटदिन हे येथील मोठे उत्सव; गुरुवारीही दर्शनाला गर्दी असते.