वेबरची घंटा

विज्ञानाच्या इतिहासात जिंकलेल्यांच्या कथा पुष्कळ लिहिल्या जातात. हरूनही वाट दाखवून गेलेल्यांच्या वाट्याला तळटीप येते. जोसेफ वेबर हा तळटिपेतला माणूस. त्याला स्वतंत्र प्रकरण मिळावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

१९१६ साली आइन्स्टाइनने गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. पण त्या खऱ्या की केवळ समीकरणांतल्या, याविषयी १९३६ मध्ये खुद्द त्यालाच शंका आली. १९५७ च्या जानेवारीत अमेरिकेत चॅपेल हिल येथे भरलेल्या परिषदेत हा वाद मिटू लागला. लहर जाताना मोकळे कण परस्परांपासून दूर-जवळ होतात. तेच कण घन पदार्थात बांधलेले असतील, तर पदार्थाची स्थितिस्थापकता त्या हालचालीला विरोध करते. ताण उत्पन्न होतो, ऊर्जा पदार्थात शिरते आणि लहर निघून गेल्यावरही तो टोल दिलेल्या घंटेसारखा घणघणत राहतो.

त्या परिषदेला वेबर हजर होता. हा गृहस्थ युद्धकाळात नौदलात अधिकारी होता. १९४२ मध्ये बुडालेल्या ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू नौकेवरून तो वाचला होता. मेरिलँड विद्यापीठात त्याने सुमारे दीड मीटर लांबीची, टनाहून जड अशी ॲल्युमिनियमची वृत्तचिती निर्वात पात्रात तारेने टांगली. सेकंदाला सुमारे १६६० कंपने, हा तिचा स्वाभाविक सूर. तिच्या मध्यावर चिकटवलेले स्फटिक अणुकेंद्रकाहून लहान हालचालही विजेच्या रूपात टिपू पाहत.

दुसरी चिती शिकागोजवळ, सुमारे हजार किलोमीटरांवर होती. दोन्ही एकाच वेळी कंप पावल्या, असे वेबरने १९६९ मध्ये जाहीर केले आणि खळबळ उडाली. त्याच वर्षी फ्रीमन डायसनने तर अशा लहरींनी अख्खी पृथ्वी कशी थरथरेल, याचे गणित मांडले. अनेक देशांत चित्या टांगल्या गेल्या, पण वेबरला दिसलेले कोणालाच दिसेना. पुढे एका गटाच्या नोंदींशी आपल्या नोंदी जुळतात, असे त्याने सांगितले. तपासात दोन्हींच्या घड्याळांत चार तासांचे अंतर निघाले! जिथे जुळणी अशक्य, तिथेही ती सापडली होती. वेबरची पत गेली. त्याने मात्र दावा सोडला नाही, चित्याही सोडल्या नाहीत. २००० साली तो वारला.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी ‘लायगो’ने खरी लहर टिपली, ती चितीने नव्हे, आरसे आणि लेझरने. पण या जातीच्या यंत्राचा पहिला नमुना रॉबर्ट फॉरवर्ड या वेबरच्याच शिष्याने उभारला होता. आता आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायच्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे.

वेबरचे उत्तर चुकले, हे मी नाकारत नाही. पण ज्या प्रश्नाकडे बाकीचे कागदावरून पाहत होते, तो त्याने धातूला विचारला. आज अनेक देशांत लहरी टिपणाऱ्या वेधशाळा आहेत; त्यांचा पाया खणताना पहिली कुदळ कोणी मारली, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.