दात्याकडून सेवकाकडे : 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम' चळवळीतील नोकरी व संधींचा इतिहास (२००९ ते २०२५)

प्रस्तावना

कोणत्याही चळवळीचा इतिहास सामान्यतः तिचे ग्रंथ, जाहीरनामे व नेत्यांची चरित्रे यांच्या आधारे लिहिला जातो. चळवळीने आपल्या कार्यकर्त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न कसा सोडविला, कोणाला कोणते काम दिले व कोणाला दारातून परत पाठविले, या बाबी त्या मानाने उपेक्षित राहतात. वस्तुतः चळवळीचे विचार आणि तिचा व्यवहार यांतील अंतर मोजण्याचे ते एक विश्वसनीय साधन आहे. इंग्लंड व अमेरिकेत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आकारास आलेली 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम' म्हणजेच परिणामकारक परोपकाराची चळवळ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते. कारण सुशिक्षित तरुणाने आयुष्यभर कोणता व्यवसाय करावा, हा प्रश्न या चळवळीने आपल्या विचाराच्या केंद्रस्थानी ठेवला.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, चळवळीने तरुणांना वेळोवेळी दिलेला व्यवसायविषयक सल्ला तिच्या तत्त्वज्ञानाइतकाच तिच्या तिजोरीच्या स्थितीशी निगडित होता. तिजोरी रिकामी असताना तरुणांना कमावण्यास सांगितले गेले. ती भरू लागल्यावर स्वतः कामात येण्यास सांगितले गेले. आणि तिचा मोठा भाग एकाएकी नाहीसा झाल्यावर त्या सल्ल्यावर विसंबलेल्यांना त्याची झळ सोसावी लागली.

वैचारिक पार्श्वभूमी

या विचाराचे एक मूळ भारतीय उपखंडातील घटनेशी जोडलेले आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधील संघर्षामुळे लक्षावधी निर्वासित भारतात आले. त्यांच्या हालअपेष्टांच्या पार्श्वभूमीवर ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी लिहिलेला 'फॅमिन, अॅफ्लुअन्स अँड मोरॅलिटी' हा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. समोर बुडणाऱ्या मुलाला वाचविणे जसे आपले कर्तव्य, तसेच दूर देशी भुकेने मरणाऱ्यालाही साहाय्य करणे कर्तव्यच होय. अंतरामुळे नैतिक जबाबदारी कमी होत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. मात्र हा निबंध प्रामुख्याने दानाविषयी होता. दात्याने कोणता व्यवसाय करावा, हा त्याचा मुख्य विषय नव्हता.

दान नेमके कोठे द्यावे, या प्रश्नाला पद्धतशीर रूप २००७ मध्ये मिळाले. होल्डन कार्नोफ्स्की व एली हासेनफेल्ड या गुंतवणूक क्षेत्रातील दोन तरुणांनी अमेरिकेत 'गिव्हवेल' ही संस्था स्थापन केली. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे किती हित साधले जाते, याचा पुरावा तपासून धर्मादाय संस्थांची शिफारस करणे हे तिचे कार्य. पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये ऑक्सफर्ड येथे टोबी ऑर्ड यांनी विल्यम मॅकॅस्किल यांच्या सहकार्याने 'गिव्हिंग व्हॉट वुई कॅन' ही संस्था सुरू केली. उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा परिणामकारक कार्यास देण्याची प्रतिज्ञा सभासदांनी करावयाची होती. या टप्प्यापर्यंत चळवळीचा आदर्श पुरुष हा दाता होता.

देण्यासाठी कमावणे : २०११ ते २०१५

दात्याकडून व्यवसायाकडे विचार वळला तो २०११ मध्ये. मॅकॅस्किल व बेंजामिन टॉड यांनी ऑक्सफर्डमध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नाव 'एटी थाउजंड अवर्स' असे ठेवण्यात आले. आठवड्याचे ४० तास, वर्षाचे ५० आठवडे आणि कारकिर्दीची ४० वर्षे यांचा गुणाकार ८०,००० तास होतो. मनुष्याजवळ दान करण्याजोगी सर्वांत मोठी संपत्ती म्हणजे हे तास होत, ही कल्पना त्या नावामागे होती. त्याच वर्षाच्या अखेरीस या दोन संस्थांना सामावून घेणारी 'सेंटर फॉर इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम' ही संस्था अस्तित्वात आली व चळवळीला तिचे प्रचलित नाव लाभले.

आरंभीच्या सल्ल्यातील सर्वाधिक गाजलेला भाग 'अर्निंग टू गिव्ह' म्हणजे देण्यासाठी कमावणे हा होय. त्यामागील तर्क पर्यायी व्यक्तीच्या कल्पनेवर आधारलेला होता. समृद्ध देशात एखादा विद्यार्थी डॉक्टर झाला नाही, तर त्याची जागा दुसरा विद्यार्थी घेईल; म्हणून त्याने वाचविलेले सर्व प्राण त्याच्या खात्यावर जमा धरता येत नाहीत. याउलट, त्याने वित्तक्षेत्रात मोठा पगार मिळवून त्यातील मोठा हिस्सा मलेरिया-प्रतिबंधक मच्छरदाण्यांसाठी दिला, तर ते दान त्याच्या जागी येणाऱ्या दुसऱ्याने बहुधा दिले नसते. सिंगर यांचे प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थी मॅट वेज यांनी २०१२ मध्ये पदवी घेतल्यानंतर उच्च अध्ययनाऐवजी वॉल स्ट्रीटवरील नोकरी स्वीकारली व उत्पन्नाचा मोठा भाग दान केला. हे उदाहरण सिंगर यांनी आपल्या लेखनातून सर्वदूर पोहोचविले.

या सल्ल्याची ऐतिहासिक परिस्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे. त्या काळी चळवळीच्या संस्था लहान होत्या, पगारी पदे अत्यल्प होती आणि देणगीदार मोजके होते. अशा स्थितीत तरुणांना सामावून घेण्याची क्षमताच चळवळीजवळ नव्हती. कमावण्याच्या सल्ल्यासाठी कोणत्याही रिकाम्या पदाची गरज नव्हती. नोकरी बाजाराने द्यावयाची आणि फळ चळवळीने घ्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती. तर्क सार्वकालिक म्हणून मांडला गेला, परंतु त्याची सोय मात्र तात्कालिक होती.

पैशाकडून माणसांकडे : २०१५ ते २०१९

दरम्यान परिस्थिती पालटू लागली. फेसबुकचे एक संस्थापक डस्टिन मॉस्कोविट्झ व त्यांच्या पत्नी कॅरी टूना यांनी २०११ मध्ये 'गुड व्हेंचर्स' हे प्रतिष्ठान स्थापन केले होते. गिव्हवेलशी झालेल्या त्याच्या सहकार्यातून 'ओपन फिलांथ्रॉपी' ही संस्था उभी राहिली व २०१७ मध्ये ती स्वतंत्र झाली. (२०२५ मध्ये या संस्थेने 'कोएफिशियंट गिव्हिंग' हे नाव धारण केले.) एका कुटुंबाची अब्जावधी डॉलरची संपत्ती चळवळीच्या उद्दिष्टांकडे वळणार हे स्पष्ट झाल्यावर, एखाद्या तरुणाच्या पगारातील दानाचे सापेक्ष महत्त्व घटले.

सल्ल्यातील बदल याच काळात घडला. दीर्घकाळ देण्यासाठी कमावण्याचा मार्ग थोड्याच लोकांनी पत्करावा, अशी भूमिका एटी थाउजंड अवर्सने जुलै २०१५ मध्ये जाहीर केली. निधीपेक्षा कर्तबगार माणसांची उणीव अधिक आहे, असे प्रतिपादन त्याच वर्षाच्या अखेरीस करण्यात आले. संशोधन, शासकीय धोरण, स्वयंसेवी संस्थांचे व्यवस्थापन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपासून संभवणारे धोके अशा क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करण्यास तरुणांना प्रवृत्त केले जाऊ लागले. प्रश्नाची व्याप्ती, त्याकडे झालेले दुर्लक्ष, तो सुटण्याची शक्यता आणि व्यक्तीची त्या कामासाठी असलेली अनुरूपता, हे निवडीचे निकष ठरले.

परंतु माणसांची उणीव आहे, या विधानाचे दोन अर्थ संभवतात. संस्थांना विशिष्ट, दुर्मीळ कौशल्ये असलेली मोजकी माणसे हवी होती. ऐकणाऱ्यांनी मात्र चळवळीत नोकऱ्या विपुल आहेत असा अर्थ घेतला. ओपन फिलांथ्रॉपीने २०१८ मध्ये संशोधक पदांसाठी केलेल्या भरतीत शेकडो अर्ज आले आणि निवड झालेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. लेखी चाचण्या, नमुना-कामे व मुलाखती यांच्या अनेक फेऱ्या पार करूनही नकार मिळालेल्या गुणवंत उमेदवारांचे असमाधान २०१९ च्या आरंभी चळवळीतील चर्चांमधून उघडपणे व्यक्त झाले. त्यापूर्वीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, एटी थाउजंड अवर्सला या विधानाविषयीचे गैरसमज दूर करणारे विस्तृत स्पष्टीकरण द्यावे लागले होते.

या टप्प्याचा सामाजिक परिणाम दुहेरी होता. ज्यांनी चळवळीचा विचार मनापासून स्वीकारला, त्यांना तिच्या संस्थेत पद न मिळणे म्हणजे केवळ नोकरी हुकणे नव्हे, तर सत्कार्यातूनच वगळले जाणे वाटू लागले. दुसरे असे की ऑक्सफर्ड, लंडन व सॅन फ्रान्सिस्को परिसर या मोजक्या केंद्रांत राहणे, परिषदांना जाणे व ओळखी असणे यांना संधींच्या दृष्टीने मोठे मोल आले. पुराव्याला सर्वोच्च मान देणाऱ्या चळवळीतही परिचयाचे जुने महत्त्व लोप पावले नाही.

विपुलतेचा काळ व २०२२ चा आघात

२०२१ मध्ये बेंजामिन टॉड यांनी चळवळीच्या कार्यासाठी उपलब्ध होऊ शकणारा निधी सुमारे ४,६०० कोटी डॉलर असल्याचा अंदाज मांडला. त्यातील मोठा हिस्सा सॅम बँकमन-फ्रीड या एका व्यक्तीच्या संपत्तीवर आधारलेला होता. त्यांचा जीवनक्रम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. २०१२ मध्ये विद्यार्थिदशेत त्यांची मॅकॅस्किल यांच्याशी भेट झाली. प्राणिकल्याणाचे काम करू इच्छिणाऱ्या या तरुणासमोर देण्यासाठी कमावण्याचा पर्याय ठेवण्यात आला. पुढे ते वित्तव्यवहारात गेले व २०१९ मध्ये त्यांनी 'एफटीएक्स' हा आभासी चलनाचा बाजार उभारला. म्हणजे २०२१ ची विपुलता ही २०१२ च्या सल्ल्याचेच फळ होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या एफटीएक्स फ्यूचर फंडाने त्या वर्षी किमान १० कोटी डॉलर वितरित करण्याचा मनोदय जाहीर केला. अनुदाने वेगाने मंजूर होऊ लागली. नवे प्रकल्प निघाले, काहींनी त्यांच्या भरवशावर अभ्यास अथवा जुन्या नोकऱ्या सोडल्या. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. निधीच्या व्यवस्थापकांनी त्याच्या आदल्या दिवशीच राजीनामे दिले होते. मंजूर अनुदाने अनेकांच्या हाती पडली नाहीत. ज्यांच्या हाती पडली, त्यांना ती परत करावी लागतील की काय, ही चिंता लागली. बँकमन-फ्रीड यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या घटनेची चर्चा बहुधा नैतिक अंगाने होते : साध्याच्या मोठेपणामुळे साधनांकडे दुर्लक्ष झाले काय, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्तच आहे. तथापि नोकरी व संधींच्या इतिहासात आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. बुडालेल्या पैशाबरोबर त्या पैशाच्या आधारावर आखलेली आयुष्येही विस्कटली. पगार, अनुदान, मित्रपरिवार आणि कित्येकदा निवासही एकाच वर्तुळातून मिळत असल्यामुळे बाहेर पडण्याचा मार्ग अरुंद होता. अशा परावलंबनाचे एक अधिक गंभीर रूप फेब्रुवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारींतून पुढे आले.

महाराष्ट्राशी आलेला संबंध

चळवळीने निर्माण केलेल्या संधींचा एक वेगळा प्रवाह महाराष्ट्रापर्यंत पोहोचला आहे. रिकाम्या पदासाठी अर्ज करण्यापेक्षा नवी संस्थाच उभारावी, या विचाराने 'चॅरिटी आंत्रप्रेन्युअरशिप' हा उपक्रम २०१८ पासून इच्छुकांना प्रशिक्षण व प्रारंभिक निधी देऊ लागला. त्या परंपरेशी संबंधित 'फॉर्टिफाय हेल्थ' ही संस्था महाराष्ट्रासह काही राज्यांत पीठगिरण्यांच्या साहाय्याने गव्हाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व जीवनसत्त्व ब-१२ मिसळण्याचे काम करते. 'सुविता' ही दुसरी संस्था बालकांच्या लसीकरणाची आठवण पालकांना भ्रमणध्वनीच्या संदेशांद्वारे करून देते. तिचे कार्य महाराष्ट्र व बिहार या राज्यांत चालते.

येथे आरंभीच्या तर्काची उलट बाजू दिसते. गिरणीमालकाचा विश्वास संपादन करणे, पिठातील मिश्रणाचे प्रमाण नियमित तपासणे, आईला समजेल अशा भाषेत संदेश लिहिणे, ही कामे ऑक्सफर्डमध्ये बसून होणारी नाहीत. त्यांसाठी स्थानिक भाषा व व्यवहार जाणणारी माणसे लागतात आणि ती सहज बदलता येत नाहीत. ज्या ज्ञानाला जागतिक श्रमबाजारात फारसे मोल नाही, ते ज्ञान परिणामाच्या हिशेबात मात्र मोलाचे ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. एक, व्यवसाय-निवडीकडे नैतिक प्रश्न म्हणून पाहण्याची शिस्त या चळवळीने रुजविली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. दोन, तिच्या सल्ल्यातील प्रत्येक मोठे वळण निधीच्या उपलब्धतेशी जुळते. म्हणून तो सल्ला विशिष्ट काळातील गरजेची नोंद म्हणून वाचला पाहिजे. एप्रिल २०२५ च्या सुमारास एटी थाउजंड अवर्सने आपले लक्ष प्रामुख्याने प्रगत कृत्रिम बुद्धिमत्तेवर केंद्रित करण्याचे ठरविले. त्या निर्णयाकडेही याच दृष्टीने पाहणे उचित ठरेल. तीन, थोड्या देणगीदारांवर अवलंबून असलेल्या कार्यक्षेत्रात तरुणांना बोलावताना, तेथे किती जागा आहेत व त्या किती काळ टिकतील हे सांगणे, ही सल्ला देणाऱ्याची जबाबदारी आहे.

दिलेल्या डॉलरचा हिशेब काटेकोरपणे ठेवण्यास या चळवळीने जगाला शिकविले. तिच्या हाकेला ओ देऊन आलेल्या, परंतु सामावून घेता न आलेल्या माणसांच्या वर्षांचा तितकाच काटेकोर हिशेब अद्याप लिहिला गेलेला नाही. ऐंशी हजार तासांच्या मोलाचा उच्चार करणाऱ्या विचाराने तो लिहिणे अगत्याचे आहे.