कशेळीचा हत्ती

रत्नागिरी जिल्ह्यात आज रानहत्ती नाही. पण राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, जांभ्या कातळात एक खोदलेला आहे. लांबी सुमारे १८ मीटर, वय काही हजार वर्षं. पोटात प्राणी, पक्षी, जलचर डझनांनी कोरलेले. माझ्यासारख्या बुटक्याला पाय दिसतो तर सोंड निसटते. उदात्ताबद्दल लिहिताना तत्त्वज्ञ कांटनं १७९० साली पिरॅमिडचा दाखला दिला: फार जवळून पाहू नये, फार लांबूनही नाही. सपाट सड्यावर ही सोय कुठली! ड्रोन आत्ता आले. वरून काढलेला फोटो सुंदरच, पण त्यात दरारा उरत नाही, असं माझं मत. खोदणाऱ्यानं तर हत्ती अख्खा दिसत नसतानाच एवढी रेघ ओढली.